पोपटाच्या पोटातले बारा सेकंद

मित्रांनो, हाकेला ओ देणं हा माझा जन्माचा धंदा. मी एक जुना एको आहे, म्हणजे गाण्याबजावण्यात आवाज घुमवणारं यंत्र. छोट्या सुटकेसएवढा डबा, अंगावर हिरवट रंग आणि पुढे पाच बटणं. त्यातलं एक बटण मूळचं नाही, ते एका शिंप्याच्या डब्यातून आलेलं आहे. तुम्ही विहिरीत डोकावून ‘ए’ म्हणता आणि विहीर ‘ए... ए... ए’ म्हणते ना, तेच काम मी करतो. फरक इतकाच की विहीर उचलून कार्यक्रमाला नेता येत नाही.

माझं पोट कसं चालतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पोटातच घडलेलं आहे. माझ्यात टेपचा एक पट्टा आहे. त्याची दोन टोकं चिकटवून कडं केलेलं आहे आणि हे कडं गोल गोल फिरत असतं. वाटेत त्याला तीन हेड लागतात. पहिलं हेड आवाज टेपवर लिहितं. दुसरं तो लगेच वाचून दाखवतं. फेरी पूर्ण होत आली की तिसरं हेड सगळं पुसून पाटी कोरी करतं. लिही, वाच, पूस, जन्मभर एवढंच. माझ्या पोटात काही राहत नाही असं कोणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.

एका कारखान्यात लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या. तपासताना त्या ‘एक, दोन, तीन’ म्हणाल्या आणि मी ‘तीन, तीन, तीन’ म्हणालो. त्या हसल्या आणि माझ्या पाठीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. पुढे काही वर्षं मी एका नाटक कंपनीत भुताचं हसणं घुमवायला होतो. नाटकात भुतं येईनाशी झाली, तसा मी जुन्या बाजारात एका फुटक्या पंख्याशेजारी येऊन पडलो. टेप तुटलेली, अंगावर बोटभर धूळ.

तिथे मला भुंगा भेटला.

भुंगा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचं खरं नाव आईखेरीज कोणी घेत नसे. सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून भुंगा. त्याची गिटारही तशीच, नुसती कुशीत घेतली तरी घूं घूं करायची. त्याने मला घरी नेलं, जेवायच्या टेबलावर उघडलं आणि नवी टेप घातली. आता, टेपची टोकं नीट जुळवून जोडायची असतात हे कोणालाही कळेल. पण पाटीवरची अक्षरं दोरीत काढणाऱ्या या माणसाने जोड मात्र वाकडा घातला. शिवाय टेपही गरजेपेक्षा कितीतरी लांब घेतली. त्यामुळे माझं कडं एक फेरी पुरती करायला बारा सेकंद घ्यायला लागलं आणि दर बारा सेकंदांनी तो जोड हेडवरून जाताना ‘टक’ असा आवाज येऊ लागला.

भुंग्याच्या बँडमधला लांब्या हा धंद्याने शिंपी होता आणि बेस गिटार वाजवायचा. तो म्हणाला, “अरे, तिरकी शिवण आहे ही. उसव आणि परत घाल.”

“राहू दे रे,” भुंगा म्हणाला. “उचकी आहे ती त्याची. कोणीतरी त्याची आठवण काढत असेल.”

आणि बोललेलं परत बोलतो म्हणून त्याने माझं नाव पोपट ठेवलं.

बँडमध्ये चौघं होती. भुंगा गिटार वाजवायचा आणि गायचा. लांब्या होताच. ड्रमवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे. आणि ऑर्गनवर भुंग्याची बहीण, धाकटी. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिची बोटं फार हलकी होती. सरावाची खोली एका काचवाल्याच्या दुकानावर होती. आमचा आवाज चढला की खाली उभ्या केलेल्या काचा किणकिणायच्या आणि काचवाला काठीने छत ठोकायचा. रविवारी दुपारी सगळ्या गल्लीची झोप उडायची, म्हणून बँडने स्वतःचं नावच ठेवलं ‘दुपारची झोप’.

त्यांच्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. मित्रांनो, नावाला घाबरू नका. उघड्या डोळ्यांनी स्वप्न पडावं असं ते संगीत असतं. गाणं एका दारातून आत शिरतं आणि भलत्याच दारातून बाहेर येतं. एकच सूर इतका वेळ फिरत राहतो की ऐकणारा विसरतो, आपण बसलोय की तरंगतोय. त्या फिरण्यात माझा मोठा वाटा होता. भुंगा एक सूर सोडायचा, मी तो परत द्यायचो, तो त्यावर दुसरा ठेवायचा, मी दोन्ही परत द्यायचो. मास्तर माझ्या उचकीवर कान ठेवून असायचे. ‘टक’ झालं की त्यांची झांज वाजलीच म्हणून समजा. गणिताच्या मास्तरांना ताल कोण धरून देत होतं, तर एक वाकडा जोड! लोक भुंग्याला विचारायचे, “हा आवाज आणता कुठून?” तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “आमच्या पोपटाला विचारा.” खोटं कशाला बोलू, तेव्हा माझी छाती फुगायची.

आता एक गुपित सांगतो. माझ्या पाठीमागे एक भोक आहे आणि त्यात करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी बसते. तिला फ्यूज म्हणतात. ती काढली की माझ्यात वीज शिरतच नाही. एकदा लांब्या मला बंद करायचं विसरला आणि मी दोन दिवस तव्यासारखा तापत राहिलो. भुंग्याला लांब्याला बोलणं जिवावर आलं. त्याऐवजी तो सगळे गेल्यावर गुपचूप माझा फ्यूज काढायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा आणि दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या आधी येऊन परत बसवायचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मित्राचं मन दुखू नये म्हणून केलेली ही युक्ती पुढे केवढा घोळ घालणार आहे, हे त्या बापड्याला काय ठाऊक!

तो रविवार मला अजून आठवतो. लांब गाणं चालू होतं. मध्येच धाकटीने ऑर्गनवर चार स्वर वाजवले. ते गाण्यात नव्हते. तीन स्वर वर चढले आणि चौथा अशा ठिकाणी उतरला की मीही क्षणभर बावचळलो.

भुंग्याने हात थांबवला. “हे कुठून आणलंस?”

“सुचलं.”

“सुचलं म्हणून लगेच वाजवायचं? माझ्या गाण्यात खिडकी पाडायची तर आधी विचारायचं असतं.”

“तुझं गाणं?” धाकटी उठलीच. “मग आम्ही काय इथे खोली झाडायला येतो का दादा?”

“धाकटे, बस खाली.”

ती बसली नाही. तिने दार असं आपटलं की खालच्या काचा वाजल्या आणि काचवाल्याने सवयीने छत ठोकलं. मास्तर आणि लांब्याही सामान आवरून गेले.

भुंगा एकटाच राहिला. गिटार मांडीवर, समोर माईक आणि मी चालू. मग त्याने धाकटीचे ते चार स्वर हळूच वाजवून पाहिले. तीन जमले, चौथा हुकला. परत वाजवले, परत हुकला. दोन दशकं गिटार वाजवणारा माणूस बहिणीच्या चार स्वरांमागे पोरासारखा धडपडत होता. शेवटी तो हसला आणि माईकमध्ये काहीतरी पुटपुटला. माझी टेप ते लिहून घेतेय तोच त्याने मला बंद केलं, फ्यूज काढला, खिशात टाकला आणि गुणगुणत जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुकानाची पाटी रंगवताना त्याच्या छातीत कळ आली. लोकांनी त्याला शिडीवरून खाली घेतलं, पण तोवर सगळं संपलं होतं. पाटीवरचं शेवटचं अक्षर अर्धंच राहिलं.

पंधरा दिवसांनी तिघं खोलीत जमली. मास्तरांनी माझं बटण दाबलं. माझा लाल दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, मला हलवून पाहिलं, कान लावला. काहीच नाही. मास्तर म्हणाले, “भुंगा गेला आणि त्याच्यामागे पोपटही गेला.”

मित्रांनो, हा माणूस शाळेत मुलांना सांगतो, उत्तर लिहिण्याआधी प्रत्येक पायरी तपासा म्हणून. पण दुःखात माणसाची बुद्धी चालत नाही. कोणी पाठीमागे वाकून पाहिलं नाही. मालकाच्या विरहाने यंत्राने प्राण सोडला, हे तिघांनाही पटलं. माझ्यावर एक पांढरं कापड घातलं आणि मला वरच्या फळीवर ठेवलं. कोणी नवीन माणूस आला की ते हलक्या आवाजात माझी गोष्ट सांगायचे. ओरडून सांगावंसं वाटे, “अरे, मेलो नाही मी, माझा फ्यूज भुंग्याच्या खिशात आहे!” पण आपणहून बोलायची सोय मला नाही. कोणीतरी आधी बोलावं लागतं.

मग नवा आला. तो गिटार वाजवणारा चांगला मुलगा होता, वयाने तरुण, वागायला नम्र. त्याला सगळे ‘नवा’ म्हणत, आणि तीन वर्षं झाली तरी तो नवाच राहिला. आवाज घुमवण्यासाठी त्याने तळहाताएवढी डबी आणली होती, पायाने दाबायची. ती ना उचकी द्यायची, ना तापायची. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि मी काढणारही नाही, ती तिचं काम चोख करायची.

पण बँडचा आवाज बदलला. फळीवरून मला सगळं ऐकू यायचं. पूर्वी त्यांचं गाणं दर खेपेला वेगळ्या वाटेने जायचं, कधी चुकायचं, चुकलेल्या जागी काहीतरी सापडायचं. आता ते जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकायचे आणि जसंच्या तसं वाजवायचे. एका रेकॉर्डिंगमध्ये भुंग्याचं बोट घसरलं होतं. नव्याने ते घसरणंसुद्धा पाठ केलं. मास्तरांना उचकी मिळेना, म्हणून त्यांनी कानात ठोके देणारं यंत्र लावलं आणि ताल अगदी शिस्तीत आला. धाकटी तर कडेकडेने वाजवायची. भुंग्याने शिकवलं होतं तेवढंच, एक स्वर इकडे नाही की तिकडे नाही. सगळं हुबेहूब होतं, आणि मला ते ऐकवत नसे.

कार्यक्रम संपल्यावर लोक म्हणायचे, “डोळे मिटले तर वाटतं, भुंगाच वाजवतोय.” पुढच्या वर्षी तेच लोक थोडे कमी आले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी.

एका दुपारी धाकटी आणि मास्तर लवकर आले होते. धाकटी ऑर्गन उघडायच्या ऐवजी त्यावर हात ठेवून उभी राहिली.

“मास्तर, पुढच्या महिन्यात एक शेवटचा कार्यक्रम करू. मग हे बंद.”

“बंद? का गं?”

“दर रविवारी इथे आलं की तो दिवस आठवतो. मी ते चार स्वर वाजवले नसते तर तो चिडला नसता. त्याचा शेवटचा दिवस मी नासवला. नंतर कितीही नीट वाजवलं तरी ते फिटत नाही.”

मास्तर ड्रमची काठी पुसत राहिले. आणि मी, मित्रांनो, कापडाखाली तडफडत होतो. ती ज्या गोष्टीसाठी झुरत होती, तिचं उत्तर माझ्या पोटात होतं. शेवटचे बारा सेकंद. बाकीचं मी त्याच दिवशी पुसलं होतं, पण तेवढे राहिले होते, कारण मी मधेच बंद झालो होतो. आणि खरी मेख पुढेच आहे. ते बारा सेकंद वाचणाऱ्या हेडवरून आधीच पुढे सरकले होते, त्यामुळे मला कोणी नुसतं चालू केलं असतं, तर तिसऱ्या हेडने ते कोणाच्या कानावर पडायच्या आत पुसून टाकले असते.

आठवड्याने भुंग्याची आई जिना चढून आली. तिने लेकाचा रविवारचा शर्ट तीन वर्षं खुंटीवरून काढला नव्हता. काही दिवसांपूर्वी तिने मन घट्ट केलं आणि तो धुवायला घेतला.

“याच्या खिशात हे सापडलं,” ती तळहात पुढे करत म्हणाली. “काच आहे, टोचेल कोणाला. तुमच्यातलं काही आहे का?”

मास्तरांनी चष्मा वर केला. मग ते उठून फळीजवळ गेले, कापड ओढलं, मला उलटं केलं आणि माझ्या पाठीमागचं रिकामं भोक बघितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

“अहो, पोपट मेला नव्हता! फ्यूज नव्हता त्याला! आणि मी गणिताचा मास्तर!”

लांब्या आधी हसला आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भुंग्याने फ्यूज का काढला असेल, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मास्तरांना दम कुठला निघतोय! त्यांनी फ्यूज बसवला, माझी पिन भिंतीत खुपसली आणि बटणावर बोट ठेवलं.

माझा जीव टांगणीला लागला. मनात म्हटलं, मास्तर, नका, देवाशपथ नका.

“थांबा!” धाकटीने त्यांचं मनगट धरलं. “तीन वर्षं बंद आहे तो. आतलं रबर चिकटलं असेल, जळून जाईल. आधी रेडिओवाल्या मावशींना दाखवू.”

टेपवर काय उरलंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिने फक्त माझी काळजी केली, आणि त्या काळजीनेच सगळं वाचवलं.

मावशींचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. आईसकट सगळे मला घेऊन तिकडे गेले. दारावरची पाटी भुंग्यानेच रंगवलेली होती: ‘रेडिओ, टेप, पंखे दुरुस्त होतील. घाई असल्यास पुढे जावे.’ मावशींनी मला टेबलावर घेतलं, झाकण काढलं आणि सगळ्यात आधी तिसऱ्या हेडची तार सोडवली.

“हे काय करताय?” मास्तरांनी विचारलं.

“पुसणारं हेड तोडून ठेवलं. टेपवालं कुठलंही यंत्र आलं की मी आधी ऐकते, मग हात लावते.” मावशी रबराचा चिकटलेला पट्टा चिमट्याने सोडवत म्हणाल्या. “धंद्यात नवी होते तेव्हा एकाचा टेपरेकॉर्डर तपासायला म्हणून चालवला आणि त्याच्या आईचा आवाज पुसला. तो तसाच उचलून घेऊन गेला हो. तेव्हापासून हा नियम.”

त्यांनी नवं रबर घातलं, हेडं कापसाने पुसली, बाजूला दुसरा टेपरेकॉर्डर आवाज भरून घ्यायला लावला आणि माझं बटण दाबलं.

माझा लाल दिवा लागला. कडं कुरकुरलं आणि फिरू लागलं.

आधी खरखर आली. मग गिटारचे तीन स्वर आणि एक हुकलेला चौथा. पुन्हा तीन, पुन्हा हुकला. मग हसणं. आणि मग भुंग्याचा आवाज, अगदी जवळून आलेला:

“छे! चौथा काही सापडत नाही. उद्या तिलाच विचारतो.”

टक.

कडं फिरून परत आलं. तीन स्वर, हुकलेला चौथा, हसणं. “उद्या तिलाच विचारतो.” टक.

धाकटीने दोन्ही हातांनी माझा डबा धरला. “वेड्या!” ती माझ्यावर ओरडली, म्हणजे त्याच्यावर. “तेव्हाच का नाही आलास रे विचारायला? दोन गल्ल्यांवर तर होते मी!” आणि ती ढसाढसा रडली. आईने तिला कुशीत घेतलं. लांब्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रडता रडताच धाकटीने तो चौथा स्वर गुणगुणला, आधी हळू, मग पुरता.

मावशींनी माझं बटण बंद करून विचारलं, “याची नक्कल माझ्याकडे उतरली आहे. ती घेऊन जा. पण ही टेप आता झिजली, आणखी फिरवली तर तुटेल. जपून ठेवायची असेल तर पोपट बंदच ठेवावा लागेल. बोला, टेप ठेवू की बदलू?”

धाकटीने डोळे पुसले. “बदला. आणि ती तार परत जोडा.”

“पुसणाऱ्या हेडची?”

“हो. नवीन लिहायचं तर पुसायला नको का?”

मावशींनी तेवढीच लांब नवी टेप घेतली आणि जोड सरळ घातला. माझी उचकी गेली.

तो शेवटचा कार्यक्रम झाला, पण तो शेवटचा ठरला नाही. सुरुवातच धाकटीच्या चार स्वरांनी झाली. ती पुढे आणि बाकीचे तिच्या मागे. नव्याने पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी वाजवलं, दोनदा चुकला आणि दुसऱ्या चुकीवर सगळेच वेगळ्या वाटेला लागले. मास्तरांनी कानातलं ठोक्याचं यंत्र काढून ठेवलं होतं. मध्येच त्यांनी ड्रमच्या कडेवर काठीने ‘टक’ केलं, आणि मग पुन्हा एकदा ‘टक’. मी मनात मोजलं, बरोबर बारा सेकंद. एक जुना श्रोता बाहेर पडताना म्हणाला, “आज काही भुंग्यासारखं वाटलं नाही.” धाकटी म्हणाली, “नाहीच आहे. आज आम्ही वाजवत होतो.” तो पुढच्या खेपेला परत आला, येताना बायकोलाही घेऊन आला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र कापडाखाली असेल. त्याला हार घालायच्या आधी पाठीमागे वाकून बघा, कदाचित नुसता फ्यूजच नसेल. हेडवरची धूळ कापसाने पुसा, रबर बदला, महिन्यातून एकदा तरी चालवा. आणि आम्हा यंत्रांचं सोडा, तुमच्या माणसांना काही विचारायचं राहिलं असेल, तर ते उद्यावर टाकू नका.

गेल्या रविवारी सराव संपला, सगळे निघाले, पण नवा मागे रेंगाळला. गिटारवर तेच चार स्वर काढत होता. तीन जमले, चौथा हुकला. परत हुकला. मी चालूच होतो, लिहून घेत होतो. त्याने मान वर केली आणि दाराशी चप्पल घालणाऱ्या धाकटीला हाक मारली.

“ताई, चौथा कसा घ्यायचा?”

धाकटीने चप्पल काढली आणि परत आली. “बघ,” ती म्हणाली, आणि तिने तो वाजवून दाखवला. मी तो तीनदा परत दिला आणि बारा सेकंदांनी पुसून टाकला. काही हरकत नव्हती, नव्याला तो आला होता.